लीनाची ओटी

"जी आपल्या पोटावर पाय द्याया आली, तिचीच वटी भरायची?" रेश्मा म्हणाली. तरी हातातला नारळ सोलताना तिनं शेंडी राखलीच.

मुक्ताबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जेवणाची सुट्टी संपत आली होती. कटिंगच्या टेबलावर तिनं तांदूळ, सुपारी, हळकुंड, खारीक आणि हिरवा खण मांडला. "बडबड नगं. तिला हाक मार आधी."

नागापूर एमआयडीसीतल्या या कारखान्यातले शर्ट युरोपात जायचे. आता ते लीनाच्या देशातून जाणार होते. मॅनेजर रविराज सरांनी बायकांना काही झाकून ठेवलं नव्हतं. त्या देशाचा युरोपाशी करार झालेला, तिथल्या मालाला तिकडे कर नाही, आपल्याला आहे. मजुरीही तिथं कमी. जाता जाता गिऱ्हाइकानं शेवटची ऑर्डर दिली, तीही एका अटीवर: कॉलर बसवायचं काम तिकडच्या एका मुलीला शिकवायचं. म्हणून लीना आली, आणि तिच्यासोबत तिच्या कारखान्याची मॅडम. पोरीचं खरं नाव लांबलचक होतं, पण बायकांनी पहिल्याच दिवशी तिची लीना करून टाकली. काम शिकून गेली की ती तिकडे कॉलरच्या लाईनची मुकादम होणार होती. आणि इथली लाईन बंद. सावेडीत कुणाकडे पोळ्या लाटायला जावं लागणार, हे मुक्ताबाईनं घरी सांगूनसुद्धा टाकलं होतं.

पहिले काही दिवस तिनं लीनाला धड दाखवलंच नाही. हात भराभरा चालवायची आणि कॉलरचं टोक वळवायच्या वेळी मुद्दाम आडवी व्हायची. का दाखवावं? मग एकदा लीना बाथरूममध्ये ओकताना दिसली. मुक्ताबाईनं पाठ चोळली. पोरीनं पोटावर हात ठेवला, बोटं दाखवली, चार, आणि लगेच ओठांवर बोट ठेवलं.

मुक्ताबाई मनाशी म्हणाली, नजरेला भितीय बिचारी. आपल्यात तरी काय वेगळं असतं? आधी चोरओटी, तीही घरातल्या घरात. पाचवा लागला की मग खुशाल गावभर सांगा. त्या दिवसापासून तिनं लीनाला सगळं शिकवलं, अगदी टोक कसं बाहेर काढायचं तेही. ओकाऱ्या काढणाऱ्या पोरीशी कसला दावा धरायचा! आता पाचवा लागला होता आणि आजच ती परत निघाली होती.

लीना आली. तिच्या अंगात पँट-शर्ट, ओटी घ्यायला पदर कुठला! रेश्मानंच स्वतःची ओढणी काढून तिच्या खांद्यावरून घेतली आणि टोकं तिच्या हातात धरायला दिली. मुक्ताबाईनं हळदीकुंकू लावलं, ओंजळीनं तांदूळ घातले, वर खण ठेवला, नारळ ठेवला. लीनाला यातलं काही कळत नव्हतं. निरोप म्हणून काहीतरी देतायत, एवढं समजून ती लाजत हसत होती.

तेवढ्यात रविराज सर आणि ती मॅडम आत आले. मॅडमनं कौतुकानं मोबाईल वर धरला आणि व्हिडिओ काढायला लागली. मग सरांना काहीतरी विचारलं.

"मुक्ताबाई, कसली ओटी ही? मॅडम विचारतायत."

"पाचव्या म्हैन्याची की वो! आता काय लपवायचं? पेढे पायजेत म्हनावं आमाला."

सरांनी हसत हसत इंग्रजीत सांगितलं. मॅडमचा मोबाईल खाली आला. ती लीनाला एवढंसं काही बोलली, आवाजही चढवला नाही. लीनाचं हसू गेलं. मॅडम मग सरांशी बोलली आणि गाडीकडे चालू लागली.

"काय म्हनल्या?" मुक्ताबाईनं विचारलं.

सर टेबलावर सांडलेले तांदूळ बोटानं गोळा करत राहिले. "पोटुशी बाई तिथं कामावर ठेवत नाहीत. पोरींची नेमणूक सहा-सहा महिन्यांची असते, दिवस गेले की पुढची देतच नाहीत. सुट्टीची कटकट नको, खर्च नको. म्हणून तर त्यांना स्वस्तात परवडतं."

"आन आता?"

"ही गेली कामावरून. सोमवारी दुसरी पोरगी येईल. तिला पहिल्यापासून शिकवायचं."

"म्हंजी लाईन आनखी चालनार?" रेश्मा पटकन बोलून गेली. बोलली आणि तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं.



लीना मुक्ताबाईच्या मशीनपाशी गेली. तिनं नारळ मशीनवर ठेवला, खण ठेवला, ओढणीतले तांदूळ अलगद खणावर ओतले. मग ओढणी नीट घडी करून रेश्माच्या हातात दिली.

"आगं न्हाई, वटी परत द्यायची नसती बाय!" मुक्ताबाई नारळ उचलून तिच्यामागं धावली. "घे. तुजी हाय ती. पोराची हाय."

लीना दारात थांबली. तिनं नारळ घेतला नाही. मुक्ताबाईकडे बघून, त्या दिवशी ठेवलं होतं तसंच, ओठांवर बोट ठेवलं. मग गाडीत जाऊन बसली.

गाडी गेटाबाहेर पडली. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मागं एकेक मशीन सुरू झालं. मुक्ताबाई नारळ पोटाशी धरून तिथंच उभी होती. रेश्मानं तिच्या दंडाला हात लावला.

"मला वाटलं," मुक्ताबाई म्हणाली, "पोरगी नजरंला भितीय."