जपून ठेवलेला जीव

सुई टोचताना दगडूआप्पांनी डोळे गच्च मिटून घेतले. त्यांना आठवतं तेवढ्यातली ही पहिलीच सुई, तीही सत्तावन्नाव्या वर्षी. नर्सने दोन नळ्या भरल्या, कापसाचा बोळा लावला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. आप्पा मात्र अर्धा तास बोळा दाबून बसले. उचलला तेव्हा त्यावर टिंबाएवढा डाग होता. देवीची कृपा, असं ते भाच्याला म्हणाले.

शिरूरच्या या शिबिरात त्यांना आणलं होतं ईश्वरने. तो त्यांच्या बहिणीचा मुलगा, सणसवाडीच्या कंपनीत कामाला. रक्त न गोठण्याच्या आजारावर पुण्यात जीन थेरपीची चाचणी होणार, हे त्याने मोबाईलवर वाचलं आणि रविवारी राहू गावी येऊन मामाला गाडीत घातलं.

डॉक्टरांनी सगळं उलगडून सांगितलं. रक्त गोठवणारा घटक कसा बनवायचा, हे जीनमध्ये लिहिलेलं असतं. या आजारात ते लिखाणच चुकलेलं असतं. आईकडून ते काही मुलांत उतरतं. मग एका विषाणूतलं विष काढायचं, त्यात दुरुस्त जीन भरायचा आणि शिरेतून सोडायचा. एकदाच. पंचवीस वर्षांपूर्वी परदेशात जीन थेरपीच्याच एका प्रयोगात अठरा वर्षांचा मुलगा दगावला होता, हेही त्यांनी लपवलं नाही. म्हणून आता विचार करायला वेळ देऊन मगच सही घेतात, म्हणाले. आधी रक्त तपासायचं, आठ दिवसांनी कळवायचं.

"सत्तावन्न वर्सं जपून ठिवलेला जीव हाय सायेब," आप्पा म्हणाले. "आता कुठंतरी वापरू द्या की."

परतताना भीमेच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली त्यांचं सगळं बालपण वाहत होतं. याच पाण्यात वर्गातली झाडून सारी पोरं पोहायला शिकली, आणि आप्पा काठावर त्यांचे कपडे राखत बसले. जांभळीवर पोरं चढायची, आप्पा खाली पडलेली जांभळं वेचायचे. जत्रेत हलगी घुमली की मांड्या शिवशिवायच्या, पण कुस्ती बघायची ती रेवड्या खात. कोयता कधी हाती आला नाही, दाढी आजही कात्रीनेच. तरी ते दिवस आठवले की आप्पांना गोडच वाटायचं. काठावरून का होईना, पाहिले तर होते.

घरचा धाकच तसा होता. आप्पांच्या आधीचे दोन भाऊ रक्त न थांबून गेले, एक दात पडताना आणि दुसरा बैलगाडीवरून पडून. तिसरा झाला तेव्हा आई सिंधूबाईंनी त्याचं नाव दगडू ठेवलं. पोरं नेणारी सटवी दगड कशाला उचलेल? तो परका वाटावा म्हणून त्याला सुपात घालून शेजारच्या पार्वतीबाईला विकला आणि पायलीभर बाजरी देऊन परत घेतला. सातव्या वर्षी पायात बाभळीचा काटा मोडला, तर दिवसभर त्यावर हळद दाबून धरली.

पारगावच्या सविताशी त्यांची सोयरीक जमत आली होती. आप्पांनीच मोडली. विधवा करायला कशाला आणायची कुणाची लेक? त्या दिवशी सिंधूबाई चुलीपुढे बसून रडल्या, पण बोलल्या काहीच नाहीत. सविता पुढे दौंडला नांदायला गेली. तिचं नाव निघालं की आप्पा अजून उठून बाहेर जायचे.

"बरं झाल्यावर काय करनार मामा?" ईश्वरने विचारलं.

"पवायला शिकनार."

पुढचे आठ दिवस आप्पांनी फोन क्षणभरही दूर ठेवला नाही. ऐंशी वर्षांच्या सिंधूबाई मात्र कुरकुरत राहिल्या. इतकी वर्षं निभावलं ना, मग आता ही उठाठेव कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हाताऱ्या माणसाला सुईची भीती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

रविवारी ईश्वर आलेला असतानाच फोन वाजला. त्याने स्पीकर लावला. सिंधूबाई पलीकडे मटकी निवडत होत्या. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं की आप्पांना चाचणीत घेता येणार नाही. आप्पांचा चेहरा उतरला. वय आडवं आलं का, त्यांनी विचारलं.

"वयाचा प्रश्न नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्त गोठवणारा घटक तुमच्या अंगात पुरेपूर आहे. जीनही नीट आहे. आम्ही दोनदा तपासलं. तुम्हाला हा आजार नाही आप्पा. जन्मापासूनच नाही."

ईश्वरने आनंदाने मामाच्या पाठीवर थाप मारली. आप्पांनी वाकून पायावरची काट्याची जुनी खूण चाचपली. काटा, हळद, पारगाव, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग ते आईकडे वळले.

"आये, ऐकलंस का?"

सिंधूबाईंनी मटकीतला एक खडा बाजूला टाकला.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तू पाच वर्साचा हुतास, तवाच केडगावच्या डाक्टरीनबाईनं नळीत रगात धरून सांगितलं हुतं. पर म्या तोंडातनं काढलं न्हाई. काढलं आसतं, तर सटवीनं ऐकलं आसतं."