बुक्क्याचं बोट

वडिलांचा ट्रॅक्टर आज विकायचा होता. आज बाबा असते तर त्यांनी हो म्हटलं असतं का, हे मनात घोळवत भैयाजी अंगणात ट्रॅक्टरच्या सांध्यांवरचं जास्तीचं ग्रीस पुसत होते. पुसलेल्या सांध्यावर पुन्हा ग्रीस येई, अन् त्यात बोट बुडवल्याची ताजी खूण.

"शोभा, इथं हात लावला काय वं?"

"मी काहून लावू? तुम्हीच कपाळाले काळं फासून राहिले!" हसत शोभाताईंनी पदरानं ते पुसलं आणि थबकल्या. "अहो, हे ग्रीस नाही."

पदरावर कोरडा, सुगंधी बुक्का होता. कीर्तन संपलं की बाबा प्रत्येकाच्या कपाळी लावायचे, तोच. भैयाजींचे हात आपोआप जुळले.

फाटकातून कामठीचं गिऱ्हाईक आलं. "राम राम, भैयाजी!" म्हणत त्यानं टोपी काढली.

कपाळाच्या मधोमध बुक्क्याचं ताजं बोट उमटलेलं होतं.