अडकलेले एसएमएस

पेशंटने बेल दाबूनही नर्स आली नाही, तर थोड्या वेळाने डॉक्टरांना एसएमएस जावा, असा नियम गंगापूर रोडच्या त्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये घातला होता. पण वेळ मोजून एसएमएस सोडणारे टायमरच बंद पडले होते. दुरुस्तीला कंपनीने शेखरला पाठवलं. त्याची आई सगुणाबाई दिवाळीत इथेच वारली होती.

सिस्टरने त्याला ओळखलं. "झोपेतच गेल्या हो सगुणाबाई. बेलसुद्धा दाबली नाही बिचाऱ्यांनी."

तेवढ्याच समाधानावर तो जगत होता.

शेखरने बंद पडलेले टायमर चालू केले. टेस्टिंगसाठी डॉक्टरांनी आपला मोबाईल त्याच्याकडे दिला. "आता आधीचे अडकलेलेही येतील," तो म्हणाला.

मोबाईल वाजला. पुन्हा वाजला. वाजतच राहिला.



'खाट सात, सगुणाबाई. बेल दाबली आहे. कोणी आलेलं नाही.'