फ्लेक्सवरची आत्या

भूकंपानंतर पत्र्याच्या शाळेत शिकलेली माझी आत्या आता शास्त्रज्ञ आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी आणि त्यांचा कॅन्सर, म्हणजे मेलॅनोमा, हे तिचं संशोधन. किल्लारीत तिचा सत्कार ठरला, म्हणून लातूरला अजीजचाचांच्या फ्लेक्सच्या दुकानात तिचा फ्लेक्स बघायला गेले, तर कॉम्प्युटरवर आत्या चक्क गोरीपान.

"अजीजचाचा, ही कोण?"

"तुझी आत्याच हाय की. क्लासवाले सगळे टॉपर असेच उजळून मागतेत."

"ज्या पेशींवर तिनं अख्खं तारुण्य घातलं, त्याच तुम्ही एका क्लिकमध्ये पुसल्या."

चाचांनी हसत तिचा रंग परत आणला. "खाली शुभेच्छुकात तुझा फोटो हाय. तो तरी उजळू का?"

"नको चाचा. मी कुणाची भाची आहे, ते बघताक्षणी कळू दे."