सिरियसची तार

"हवालदार, ह्या खेपेला 'सिरियस' न्हाई लिवायचं?" पोस्टातल्या लालासाहेबांनी तारेचा फॉर्म हातात घेत विचारलं.

"त्या शब्दात आता जीव ऱ्हायला न्हाई," नाथाजी म्हणाले.

खरंच होतं ते. कुंडल गावात इंग्रजी येवो न येवो, 'सिरियस' म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही यायचं. घरटी एक जवान पलटणीत. त्याला रजा हवी असली की घरून तार जायची, मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली. त्याचा अर्थ कधी ऊस तोडायला आला असा असायचा, तर कधी बहिणीला बघायला पाहुणे येणार आहेत असा. घरात खरोखर माणूस गेलं तरी 'सिरियस'च लिहीत. पोरगं एवढ्या लांबून एकटं येणार, वाटेत कोसळायला नको म्हणून. आजारपण खरं असलं तर मात्र सहसा कुणी तार करत नसे. होईल बरं, उगाच पोराच्या जिवाला घोर कशाला!

या तारा लिहून द्यायचं काम पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेल्या नाथाजींचं. स्वतःच्या यशराजलाही त्यांनी दोन वर्षांत दोनदा असंच बोलावलं होतं. एकदा जत्रेला, एकदा मुलगी पसंत करायला. दोन्ही वेळा त्याची आई, मनुबाई, चांगली ठणठणीत होती. पोरगं दारात दिसलं की चुलीपुढं बसून पोट धरून हसायची.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर मनुबाईचं दुखणं खरोखर हाताबाहेर गेलं. सांगलीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. नाथाजींनी तार केली, तशी काश्मीरहून तारेनंच उत्तर आलं, रजा नाही. आधीच्या दोन्ही तारा साहेब विसरले नव्हते. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

मनुबाईचा एकच धोशा होता. दारात पाऊल वाजलं की विचारायची, "माजा यश्या आला का?" दिवस कोणता, वेळ कोणती, तिला काही कळेनासं झालं होतं. पण हा प्रश्न काही सुटत नव्हता. नाथाजींच्या काळजाचं पाणी व्हायचं. पस्तीस वर्षांच्या संसारात बाईनं काही मागितलं असेल तर ते एवढंच.

म्हणून आज त्यांनी फॉर्मवर लिहिलं होतं, मदर एक्सपायर्ड.

लालासाहेबांनी फॉर्म परत नाथाजींपुढं सरकवला. "जित्या माणसाची असली तार म्या कवा धाडली न्हाई, हवालदार."

"धाडा. पोरगं आलं की मी त्याच्या पायावर डोस्कं ठेवीन. पर तिचं डोळं उघडं हायीत तवर ते आलं पायजे."

तार गेली. घरी नाथाजींनी कुणालाच काही सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडानं?

चौथ्या दिवशी पहाटेच ते सायकल काढून किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर जाऊन बसले. पोरानं घरात पाऊल टाकायच्या आत त्याला खरं सांगायचं होतं. पुण्याकडची गाडी आली. तीतून यशराज काही उतरला नाही. पुढची बघू म्हणून ते तसेच बाकड्यावर बसून राहिले.

यशराजची पुण्यात गाडी चुकली होती. तो कराडवरून एस.टी.नं आला आणि ट्रंक खांद्यावर घेऊन सरळ घरात शिरला. त्याची बहीण अंकिता परसात पाणी तापवत होती. मधल्या खोलीत मनुबाई एकटीच पडली होती.

तिनं डोळे उघडले. समोर पोरगं उभं होतं. पण डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला, आणि मिशी उतरवलेली. पलटणीतल्या न्हाव्यापुढं आईच्या नावानं बसून, मगच तो निघाला होता. समोर आई तर जिवंत होती. तो खाली बसला आणि तिचे पाय धरून लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला.

मनुबाई त्या गोट्याकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवली. उशाशी नाथाजी रोज बसायचे ते घोंगडं रिकामं होतं.

"तुजं आबा कवा गेलं रं?" तिनं विचारलं.

यशराजला प्रश्नच कळला नाही. तो रडतच राहिला.

रडणं ऐकून अंकिता परसातून धावत आली. तोवर मनुबाईनं पदराचं टोक हातात धरलं होतं. "आई, अगं आबा हायीत! ठेसनावर गेल्यात!" अंकिता ओरडली. पण आईचा हात कपाळावरून फिरून खाली पडला होता, आणि मान कलंडली होती.

अहेवपणी मरण यावं म्हणून जन्मभर वड पुजलेली बाई कपाळाचं कुंकू पुसून गेली, तेव्हा तिचा नवरा स्टेशनाच्या रस्त्यानं सायकल हाणत घराकडं येत होता.