माळ्यावर सापडलेले बूट

मामांनी कुंडीतली मूठभर माती घेतली, डोळे गच्च मिटले आणि नव्याकोऱ्या नारिंगी बुटांवर घासली. बूट आजच दुपारी घेतलेले. जाड पांढरा सोल, टाचेला हिरवी पट्टी, आणि नारिंगी असा की समोरच्याने डोळे बारीक करावेत. असे बूट घालून माणूस चालत नाही, मिरवतो. आणि मामा तेच बूट स्वतःच्या हातांनी मातीत घालत होते.

दुसरा इलाजच नव्हता. गल्लीभर ज्यांना मामा म्हणत त्यांचं सलून होतं, आणि मामी रुग्णालयात हेडनर्स होत्या. वॉर्डात खाट रिकामी झाल्याशिवाय नवा पेशंट घ्यायचा नाही, हा तिथला नियम मामींनी घरच्या कपाटालाही लावला होता. एक जोड आत यायचा असेल तर आधी एक जोड बाहेर. शर्टांना तेच, कंबरेच्या पट्ट्यांना तेच, मामींच्या स्वतःच्या कपड्यांनाही तेच. चोरून आणलेलं काही सापडलं तर दंड म्हणून दोन जोड बाहेर, आणि ते कुठले हे मामी ठरवणार.

आता मामांनी बाहेर काढावं तरी काय? टोकदार तपकिरी घालून त्यांनी सलूनचं उद्घाटन केलं होतं. मऊ निळे चावत नव्हते. काळे चकचकीत चावायचे, पण दिसायचे काय! शिवाय हा नुसता शौक नव्हता, धंदा होता, असं मामांचं म्हणणं. खुर्चीत मान खाली घालून बसलेल्या गिऱ्हाइकाला दिसतं काय? कापणाऱ्याचे बूट. ते जुनाट असले की गिऱ्हाईक मनात म्हणतं, झालं, हा माझे केसही आजोबांसारखे कापणार. त्यातच समोर नवं सलून उघडलं होतं आणि तिथला कारागीर पिवळेधमक बूट घालून दारात उभा राहायचा. त्याला बघितलं की मामांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मातीनंतर मामांनी टाचा दगडावर खरवडल्या. लेस उरलेल्या चहात बुडवल्या. एक टाका तर चक्क आपल्या धंद्याच्या कात्रीने उसवला. तेव्हा मात्र त्यांना रडू आलं.

संध्याकाळी मामी ड्युटीवरून आल्या आणि दारातच थबकल्या.

"हे कुठले?"

"हे होय? जुनेच आहेत गं. माळ्यावर सापडले. लग्नाआधीचे."

मामींनी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. जखम तपासावी तसा एकेक बूट उलटासुलटा करून पाहिला. उसवलेल्या टाक्यात बोट घातलं.

"इतकी वर्षं जपून ठेवलेत?"

"फार आवडीचे होते," मामा म्हणाले, आणि एवढं मात्र खरं होतं.

मामींनी बूट खाली ठेवले आणि चष्मा परत पर्समध्ये टाकला. मामा त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. पुढचं सगळं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आता रोज थोडं थोडं पुसायचं. आज टाच, उद्या पट्टी. महिनाभरात बूट पुन्हा तरुण होतील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मामींना सुट्टी होती. मामा सलून बंद करून, खिशात एक मऊ ब्रश घेऊन, शीळ घालत घरी आले. बूट जागेवर नव्हते.

"माझे ते माळ्यावरचे कुठे गेले?"

"दिले," मामी म्हणाल्या. "रुग्णालयात जुन्या कपड्यांची पेटी आहे ना, तिच्यात टाकून आले. पार कामातून गेले होते हो."

मामा मटकन खाली बसले. भांडावं तर कशासाठी? लग्नाआधीच्या फाटक्या बुटांसाठी? नवे होते म्हणावं, तर आणखी दोन जोड जाणार. बिचाऱ्यांना धड रडताही येईना.

"बरं केलंस," ते कसेबसे म्हणाले.

"लगेच तोंड पाडू नका," असं म्हणत मामींनी त्यांच्या मांडीवर एक खोकं ठेवलं.

मामांनी झाकण उघडलं. नारिंगी! जाड पांढरा सोल, हिरवी पट्टी, सगळे टाके जागच्या जागी.

"एक बाहेर गेला म्हणून एक आत आणला. एवढे आवडीचे होते तर म्हटलं हुबेहूब तसेच शोधू. दुकानं पालथी घातली तेव्हा मिळाले."

मामांचे डोळे भरून आले. अशी बायको, आणि आपण तिच्या डोळ्यांत धूळ फेकली! त्यांना स्वतःची लाज वाटली. बूट छातीशी धरून ते म्हणाले, "अगं, मला तुला काहीतरी सांगायचंय..."

"दुकानदाराने सांगितलं," मामी म्हणाल्या. "हे बूट बाजारात नुकतेच आलेत म्हणे. पहिला जोड काल एक सलूनवाले घेऊन गेले."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. टोकदार तपकिरी आणि मऊ निळे त्यांच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक निघून गेले. मामी उठल्या. त्यांनी दार लावून घेतलं, खिडकीचा पडदा ओढला आणि अगदी जवळ येऊन बसल्या.

"दंडाचं नंतर बघू," त्या हळूच म्हणाल्या. "आधी मला शिकवा, नवं इतकं जुनं करायचं कसं? माझे तीन जोड गाडीच्या डिकीत अडकून पडलेत."