शंख वाजला की थांबायचं

सालेआ गावात सांजप्रार्थनेचा शंख वाजला आणि नाव भर सामुद्रधुनीत पुन्हा थांबली.

“अगं, चल ना भवाने!” लेउतूने नावेच्या काठावर थाप मारली. समोरच्या फागाली गावात तिची लेक अडली होती, आणि बेटाच्या रिवाजाप्रमाणे बाळाला पहिल्यांदा हातात घ्यायचं ते आईच्या आईनेच.

“प्रार्थना चालू आहे, आजी. शांत बसा,” नाव अदबीने म्हणाली.

नावेला ना वल्ही होती ना सुकाणू; ती स्वतःच्या डोक्याने चाले. गावप्रमुखांनी हट्टाने तिला रिवाज शिकवला होता, की शंख वाजला की जागच्या जागी थांबायचं. पायी चालणारा एकाच गावाच्या शंखाला थांबे. पाण्यावर मात्र सगळ्या गावांचे शंख ऐकू येत, आणि शेजारच्या गावाच्या वेळेलाच आपला शंख फुंकणं प्रत्येक गावाला कमीपणाचं वाटे.

“बाळ काय तुझ्या बापाची वाट बघणार आहे?”

“मला बाप नाही, आजी.”

लेउतूने कपाळावर हात मारून घेतला.

एकदाची शेवटची प्रार्थना आटोपली. फागालीच्या किनाऱ्यावरची माणसं ओळखू येऊ लागली. एवढ्यात जावई धावत पाण्यापाशी आला आणि त्याने शंख फुंकला. बाळ आलं होतं.

नाव अदबीने थांबली.

“अरे मेल्या, बंद कर ते!” लेउतू घसा फोडून ओरडली.

सासूबाईंना ऐकू गेलं नसावं, असं वाटून जावयाने पुन्हा छाती भरून शंख फुंकला.